लहान कोणास म्हणावे?

दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ साली १३० किलोवॅटचे वीजघर चालू झाले आणि या देशात जलविद्युतेचा श्रीगणेशा झाला. मुंबईला खोपोलीची वीज मिळू लागली ती १९१५ साली. म्हणजे जलविद्युत् आपल्याकडे प्रथम आली ती लहान होऊन, आणि तीही डोंगरात. असे असता, देशात लहान जलविद्युत् प्रकल्पांतून सुमारे २१,००० मेगॅवॅट वीज काढता येईल असे सरकारी पाहणीच सांगत असताना प्रत्यक्षात तिचा जेमतेम चौथा हिस्सा पदरात पडावा, याचे खापर केवळ पैशाच्या टंचाईवर फोडून चालणार नाही.

आमच्या मते घोटाळा 'लहान' या शब्दापासूनच सुरू होतो. सरकारदरबारी २५ मेगॅवॅटपर्यंतचा प्रकल्प लहान गणला जातो. सिद्रापोंगच्या सुमारे १९० पट! उत्तराखंडात ओढ्याच्या धारेवर फिरणारे पिठाचे जाते, ज्याला तिकडे घराट म्हणतात, तेही या खात्यात आणि एखाद्या कंपनीने नदी बोगद्यातून वळवून उभारलेले वीजघरही याच खात्यात. शिवाय २५ मेगॅवॅटखालील प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेने पर्यावरणीय पूर्वतपासणीच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या लोंढ्यात वाहून गेलेला ऋषिगंगा प्रकल्प १३.२ मेगॅवॅटचा, म्हणजे कागदोपत्री लहानच होता. हा लोंढा कड्यावरून कोसळलेल्या खडकाचा व बर्फाचा होता, प्रकल्पाचा नव्हे, हे खरे; पण ज्या दरीत असे घडू शकते तेथे कोणी काय बांधावे, हे मेगॅवॅटच्या आकड्यावरून ठरविणे हा शुद्ध अविचार होय.

खऱ्या लहानांची कथा निराळी आहे. केंद्राच्या २०१४ सालच्या योजनेत १०० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पास दर किलोवॅटमागे सव्वा लाख रुपये अनुदान होते. रक्कम कमी नव्हती, पण ती उभारणीसाठी होती. पावसाळ्यात वाळू येऊन चक्राची पाती झिजतात, हिवाळ्यात ओढा आटतो किंवा गोठतो, दरड पाट फोडून जाते. त्या वेळी गावाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? नवे चक्र बसविण्याला उद्घाटन असते, जुने दुरुस्त करण्याला नसते, ही आपल्या कारभाराची जुनीच खोड आहे.

त्यात आता विजेची तार येऊन पोहोचली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांगला वीज मिळाली आणि देशातील प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. तथापि गावातील शेकडा दहा घरांत वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत, ही सरकारची व्याख्या लक्षात घेतली म्हणजे या घोषणेतील पोकळी दिसते. लांबून आलेली तार वादळात तुटली की गाव अंधारात, आणि शेजारचे वीजघर तार आली म्हणून बंद! नेपाळने यावर वाट काढली. नुवाकोट जिल्ह्यातील २३ किलोवॅटचे वीजघर २०१८ साली राष्ट्रीय जाळ्याला जोडले गेले. गावाने वापरावी, उरलेली विकावी.

आपल्याकडेही १०० किलोवॅटखालील वीजघरांचे खाते वेगळे करून त्यांचे अनुदान निम्मे उभारणीला आणि निम्मे पहिली दहा वर्षे चक्र फिरत राहण्याला बांधावे. त्यांची उरलेली वीज ठरल्या दराने घेणे राज्यांच्या वीज कंपन्यांवर बंधनकारक करावे. कंपन्या कुरकुर करतील, मोजमापाच्या अडचणी सांगतील; पण नुवाकोटला जमले ते डेहराडून वा इटानगरला का जमू नये, याचे उत्तर ऊर्जा खात्याने द्यावे.