लिंक पाठवून संशोधन होत नाही



जानेवारी उजाडला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गुगल फॉर्मच्या लिंक येऊ लागतात. कुणाचे एम.एड., कुणाची पीएच.डी.; विषय बहुधा एकच : ‘समाजमाध्यमांचा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर होणारा परिणाम’. ‘सर, ग्रुपवर टाका ना, शंभराचा नमुना हवाय,’ अशी गळ घातली जाते आणि मीही टाकतो.

गेल्या वर्षी मोकळ्या तासाला मुले फॉर्म भरत होती, तेव्हा शेजारी उभा राहिलो. एकाने सगळ्याच विधानांना ‘सहमत’ केले. समाजमाध्यमांमुळे एकाग्रता वाढते? सहमत. कमी होते? सहमत. दोन मिनिटांत काम फत्ते! अशाच टिचक्यांतून पुढे सहसंबंध गुणांक निघतो आणि प्रबंधात ‘परिणाम’ सिद्ध होतो.

हा घोळ आपल्याकडेच होतो असे नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील २१९ विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून ‘फेसबुक वापरणाऱ्यांचे गुण कमी’ अशा बातम्या झळकल्या. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी मोठ्या नमुन्यांवर पडताळणी केली, तेव्हा तसा संबंध आढळला नाही. आणि संबंध आढळला असता, तरी फेसबुकमुळे गुण घसरले की अभ्यासात मन नसलेला फेसबुककडे वळला, हे एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून कसे कळावे?

याउलट, ‘असर २०२४’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत कार्यकर्ते ग्रामीण भागात घरोघर गेले. १४ ते १६ वर्षांच्या मुलांना त्यांनी नुसते विचारले नाही. फोनवर अलार्म लावून, यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधून दाखवायला सांगितले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले. बेरीज शंभराच्या वर जाते. म्हणजे बऱ्याच घरांत तेच मूल, तोच फोन, दोन्ही कामे. गणिताचा व्हिडिओ पाहता पाहता बोट रीलवर कधी सरकते, आणि परत येते का? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याला ‘सहमत-असहमत’ पुरत नाही.

मार्गदर्शकांनी आणि संशोधन समित्यांनी एवढे करावे : शीर्षकात ‘परिणाम’ असेल, तर तो दाखवणारी तुलना मागावी, नाहीतर तो शब्द खोडावा. नमुना दहाच मुलांचा असला तरी चालेल, पण संशोधक सत्रभर त्या मुलांत वावरलेला असावा. यंदा लिंक पाठवणाऱ्यांना मी एकच अट घालणार आहे : आधी आठवडाभर माझ्या वर्गात येऊन बसा. मागचे बाक रिकामे आहे.

— एक शिक्षक, जि. सांगली