किहीममधला रिकामा पावसाळा

शिकून आलेला मुलगा घरी बसला की आपल्याकडे पहिला आठवडा कौतुकाचा असतो, दुसरा चौकशीचा, आणि महिना उलटला की टोमणे सुरू होतात. मुलगा आखातातून परतलेला असो वा पदवी घेऊन मुंबईहून आलेला, मोहल्ल्यात एकच प्रश्न विचारला जातो, "मग, नोकरीचं काय?" अशा घरांनी आपल्याच किनाऱ्यावरची एक हकिकत ऐकावी.

१९३० साली, आपला रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा तेव्हा, अलिबागजवळच्या किहीममध्ये सालिम अली पत्नी तहमिना यांच्यासह राहायला आले. वय ३३. लहानपणीच आईवडील गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली नोकरी होती, तिथून ते बर्लिनला जाऊन प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकले. परत येऊन पाहतात तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

किहीमला पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत भरली होती. सालिम अली तासन्‌तास घरट्यांवर नजर ठेवून बसत आणि टिपणं करीत. सुगरण हे नाव आपण बाईमाणसाला देतो, पण इथे विणकर असतो नर. गवताच्या, भाताच्या पातीला चोचीने खाच पाडून तो लांब धागा ओढून काढतो. घरटं अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर नर ते पूर्ण करून खाली लांब नळी विणतो, नाही तर ते तसंच लोंबत राहतं. पसंतीनंतर नर दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीला बोलावतो. अंडी उबवण्याचं काम एकट्या मादीचं. हा सगळा क्रम त्यांनी उलगडला आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला.

त्या लेखाने लगेच चूल पेटली नाही. पुढे संस्थानांमधल्या पक्ष्यांच्या पाहण्या त्यांनी पगाराविना, केवळ खर्चावर केल्या. पण १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, आणि त्यांचं नाव जगभर झालं.

प्रत्येक घराला असा सब्र परवडतो असं नाही. हलाल रोजी कमावणं फर्जच आहे, अर्ज करणं सोडू नये. पण रिकामे महिने म्हणजे वाया गेलेले महिने नव्हेत. पशुपक्षीही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असं सूरह अन्आममध्ये सांगितलं आहे. त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहणं हासुद्धा इल्मच. तो मिळवायला डिग्री लागत नाही. वही, पेन्सिल आणि रोज त्याच जागी बसायची चिकाटी एवढं पुरतं. आणि लागतं पाठीशी उभं राहणारं घरातलं माणूस. सालिम अलींना तहमिना यांची साथ होती.

येत्या पावसाळ्यात आपल्या विहिरीवरच्या माडाला सुगरणीची घरटी लागली तर पोरांना ती पाडू देऊ नका. आणि घरी बसलेल्या मुलाला एखाद्या संध्याकाळी विचारा, "बेटा, आज काय पाहिलंस?" नोकरीचं उद्याही विचारता येईल.