दारातली जुनी गाडी

मैत्रिणींनो, लोणची-पापड आणि मुलांच्या अभ्यासाच्या या पानावर आज मोटारगाडी कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या गावातून एक फेरी मारून पाहा. चार गल्ल्या फिरलात तर एखाद्या अंगणात, पत्र्याखाली, झाकून ठेवलेली फियाट नाहीतर अ‍ॅम्बॅसॅडर दिसतेच. कुणाच्या सासऱ्यांची, कुणाच्या वडिलांची. विकवत नाही आणि वापरलीही जात नाही. तिच्या चाकांभोवतीचा केर मात्र आपणच काढायचा! तेव्हा हा प्रश्न घरातलाच, म्हणजे आपला.

माझ्या माहेरी, कराडला, अशीच एक प्रीमियर पद्मिनी आहे. १९८६ सालची, पांढरी. अण्णांनी ती १९९३ साली वापरलेली घेतली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून जुनी गाडी दिसली की माझी मान वळतेच. आमचे हे म्हणतात, "तू साड्यांच्या दुकानापुढे थांबत नाहीस, तेवढी फियाटपुढे थांबतेस." खरंच आहे ते.

या पद्मिनीचं कुळही सांगण्यासारखं आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि इथे फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतल्या एका फुगीर, गोलमटोल गाडीला तर लोकांनी 'डुक्कर फियाट' असंच नाव दिलं! १९६४ साली 'डिलाइट' आली. तीच पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. तिकडे बंगालात उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसॅडर २०१४ पर्यंत निघत होती. पद्मिनी मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनं ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप घेतला, तेव्हा आमच्या घरी सुतक असल्यासारखी शांतता होती.

आमच्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगपाशी. त्यामुळे पुढे तिघं मावत आणि मधली जागा माझी. उकडू लागलं की दाराची त्रिकोणी काच वळवायची, भसाभस वारा आत. पुण्याहून येताना खंबाटकीच्या घाटात गाडी तापायची. मग दादा चाकाला दगड लावणार, अण्णा बॉनेट उघडणार आणि आई दशम्यांचा डबा. रेडिएटरचं झाकण निवल्याशिवाय उघडायचं नाही, हा अण्णांचा नियम. आमची जेवणं व्हायची, तोवर गाडी थंड. तापलेल्या माणसाशीही असंच वागावं, असं आई म्हणायची. ते कुणाला उद्देशून, हे अण्णांना बरोबर कळायचं!

अण्णांची एक वही होती. पेट्रोल किती भरलं, ऑइल कधी बदललं, प्लग कधी साफ केले, सगळं तारीखवार. पण त्या हिशेबातच घर सापडतं. 'ताईचे बारावीचे केंद्र, जाऊन-येऊन १४ कि. मी.' 'आईस मिरजेस दवाखान्यात नेले.' त्याखाली चार दिवसांनी, 'परत. गाडीत आपण एकटेच.' आजी गेल्याचं अण्णांनी एवढंच लिहून ठेवलं आहे. माझ्या पाठवणीच्या दिवशी तर फक्त 'टाकी फुल्ल' असं आहे.

अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. गाडीच्या नोंदणीची मुदत यंदा संपते आहे. दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, "भंगारात देऊ. उंदरांनी वायरी कुरतडल्यात." मी म्हटलं, "अण्णांची आठवण भंगारात?" दोघांचे आवाज चढले. आई निवडत असलेलं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "आठवणीला वही पुरे आहे. गाडीला चालवणारं माणूस लागतं. कोण चालवणार ते सांगा, मग भांडा."

मैत्रिणींनो, मला वाटतं, सगळी गोष्ट या एका प्रश्नात आली. उभी गाडी जपली जात नाही, ती कुजते. आमच्या मिस्त्रींनी सांगितलेलं आणि मी करून पाहिलेलं थोडं तुम्हालाही सांगते:

नुसती पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करू नये. त्यानं बॅटरी नीट भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठून गंज चढतो. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर चालवूनच आणावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून नळ्या तपासून घ्याव्यात, टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नये. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकांना विटा लावाव्यात. झाकायला प्लॅस्टिक नको, आतून घाम धरतो. सुती कापड उत्तम.

कागदांचंही पाहा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. विमा आणि पीयूसी वेगळे. पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' अशी निराळी नोंदणी आहे. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजीला नेता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

आईच्या प्रश्नाला मी "मी चालवीन" असं उत्तर दिलं. शाळा माझी अर्धवेळ, साताऱ्याहून कराड तासाभराचं. गेले चार महिने दर रविवारी जाते. वायरी नव्या घातल्या, त्याचा निम्मा खर्च दादानं न मागता पाठवला. तपासणीत गाडी पास झाली तर राहील. नाही झाली, तर मिस्त्रींच्या ओळखीचे एक हौशी गृहस्थ न्यायला तयार आहेत. तेही चालवणारेच, म्हणून आईची त्यालाही हरकत नाही.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर घरच्यांना एकत्र बसवा आणि कोण चालवणार, एवढंच विचारा. कुणी पुढे आलं तर त्याला किल्ली द्या. ती पुढे येणारी तुम्हीही असू शकता! कुणीच नाही आलं, तर चालवणाऱ्याच्या हाती खुशाल सोपवा. वही मात्र घरात ठेवा. आमच्या वहीत आता माझं अक्षर सुरू झालं आहे: 'आईस बाजारात नेले, ६ कि. मी. गाडी तापली नाही.'