मरणाऱ्याशी तरी खोटे बोलू नका!

“आता यांना घरी घेऊन जा, जे मागतील ते खायला घाला.” इस्पितळाच्या वऱ्हांड्यात हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे अशी माणसे बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या आमच्या भागात गल्लीगणिक सापडतील. त्या वाक्याचा अर्थ सर्वांस कळतो. कळू दिला जात नाही तो एकट्या रुग्णास. ‘बरे वाटल्यावर पुन्हा यायचे आहे’ असे सांगून त्याला गाडीत घालतात, आणि तेथून पुढे वैद्यकाचा त्याच्याशी संबंध संपतो. राहिलेले दिवस त्याने तळमळत काढावे आणि घरच्यांनी ते पाहत बसावे, अशीच जणू आपली समाजव्यवस्था आहे.

कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण वाचलाच पाहिजे, असा हट्ट आम्ही धरीत नाही. वैद्यक सर्वशक्तिमान नाही आणि मृत्यूबद्दल डॉक्टरांस दोष देणे अन्यायाचे होईल. आमची तक्रार निराळी आहे. रोग आटोक्याबाहेर गेल्याचे दिसत असूनही ‘आणखी एक इंजेक्शन देऊन पाहू’ म्हणत राहावयाचे, त्यापायी घरातले दागिने मोडू द्यावयाचे, शेत गहाण पडू द्यावयाचे, आणि पैसा व शरीर दोन्ही संपल्यावर ‘घरी न्या’ म्हणावयाचे, यास उपचार म्हणत नाहीत. रोगाचे गांभीर्य वाढवून सांगू नये, तसेच ते कमी करूनही सांगू नये, असे वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ सालच्या आचारनियमांतच लिहिलेले आहे. नियम कागदावर आहे. खाटेपाशी तो क्वचितच पोहोचतो.

यावर उत्तर ठरलेले असते : खरे सांगितले तर रुग्ण खचेल. या असत्यात आपणही भागीदार आहोत, हे कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे. ‘डॉक्टर, बाबांना काही कळू देऊ नका’ ही विनंती करणारे आपणच असतो. तिच्यामागे माया असते, याविषयी शंका नाही. परंतु रुग्ण दूधखुळा नसतो. दाराआडची कुजबूज, सुनेचे सुजलेले डोळे, लांबचे पाहुणे अकस्मात येऊ लागणे, यांचा अर्थ त्याला लागतोच. आपण त्याच्यापासून मृत्यू लपवीत नाही. मृत्यूविषयी बोलण्याची सोबत मात्र त्याच्यापासून हिरावून घेतो. कोणाचे देणे फेडावयाचे, घर कोणाच्या नावे करावयाचे, दुरावलेल्या भावास बोलवावयाचे की नाही, हे ठरविण्याचा त्याचा हक्क आपण दयेच्या नावाखाली बुडवितो. खरे सांगणे म्हणजे धाडकन निकाल वाचून दाखविणे नव्हे. रुग्ण विचारील तितके, त्याला पेलेल तितके, हात हाती घेऊन सांगावे. आणि ‘रोग हटला नाही तरी दुखणे हटवू, तुम्हाला टाकणार नाही’ हे वचन द्यावे. ती आशा खोटी नसते.

मात्र हे वचन पाळता येण्याजोगे औषध हाताशी असले पाहिजे. तीव्र वेदनांवर तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त व खात्रीचे औषध आहे. कर्करोगाच्या वेदनांवर पायरीपायरीने औषधे कशी द्यावीत, याची पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच घालून दिली. मॉर्फिन अफूपासून होते. त्या अफूवर प्रक्रिया करणारा केंद्र सरकारचा कारखाना जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखात, नीमचला आहे. ज्या देशाच्या शेतात अफू पिकते, त्याच देशाचा रुग्ण त्या औषधावाचून ओरडत मरतो! १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने औषधविक्रेते व इस्पितळे मॉर्फिनपासून दूर पळू लागली. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून परवान्यांचे जंजाळ कमी केले. तरीही व्यसनाची भीती डॉक्टरांच्या मनातून गेलेली नाही. वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन रुग्णास सहसा व्यसनी करीत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे?

हे काम अशक्य नाही. मुंबईत ‘शांती आवेदना सदन’ १९८६ साली निघाले आणि त्याची शाखा गोव्यात लोटली येथेही झाली. केरळ राज्याने २००८ साली उपशामक सेवेचे धोरण ठरविले; तेथे परिचारिका व गावोगावचे स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जाऊन जखमा धुतात, औषध देतात, चार शब्द बोलतात.

सीमाभागातील रुग्णाचे दुःख तर दुहेरी आहे. मुंबई असो वा बंगळूर, दोन्ही बेळगावहून सुमारे पाचशे किलोमीटर. हाती येणारे कागद त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. संमतिपत्रावर अंगठा मात्र त्याचा. समजणाऱ्या भाषेत न सांगितलेले सत्य हे सांगितलेले सत्य नव्हे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक शासनाने तीस हरकत घेतली. सीमेचा तंटा न्यायालयात लढवावा. रुग्णाच्या उशाशी नव्हे. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. पण यंत्रे काढून घेणे म्हणजे शुश्रूषा काढून घेणे नव्हे, हेही शासनांनी ध्यानी धरावे.

आमची मागणी स्पष्ट आहे. सीमाभागातील प्रत्येक तालुका इस्पितळात मॉर्फिन व ते देणारा शिक्षित डॉक्टर असावा. संमतिपत्रे मराठीतही असावीत. ‘घरी न्या’ म्हणणाऱ्याने घरी कोण येणार, हेही सांगावे.

आणि आपल्या माणसांसही एक सांगणे आहे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले तरुण आज साठीच्या पलीकडे गेले आहेत. मोर्चाला पाच हजार माणसे जमविणाऱ्या आपल्या मंडळांना, अशा एखाद्या अंथरुणाशी आळीपाळीने बसणारी पाच माणसे देता येणार नाहीत काय? ज्यांनी आपल्यासाठी आयुष्यभर खरे बोलण्याची किंमत मोजली, त्यांना शेवटच्या दिवसांत खोटे ऐकवून एकटे टाकणे आपणांस शोभणारे नाही.