औषध पुण्याचे, दुखणे पिंपळगावचे

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेले गाव. मिरची तोडण्याचे काम बहुतांशी बायकांचे. आमवात हा रोग पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक गाठतो, आणि बहुधा प्रथम धरतो ती हाताची बोटेच. सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही. जिची मजुरी तोडलेल्या मिरचीच्या वजनावर ठरते, तिच्या दृष्टीने हा केवळ रोग नव्हे. ती बेकारी आहे.

या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडून दाह पेटता ठेवतात. ‘टीएनएफ’ हा असाच एक निरोप्या रेणू. तो अडविला की दाह ओसरतो, हे लंडनच्या केनेडी संस्थेतील फेल्डमन व मैनी यांनी १९९२ साली सुरू झालेल्या रुग्णचाचण्यांतून दाखवून दिले. ही संस्था धर्मादाय निधीवर चालत होती. पुढे काय झाले? अॅडालिमुमॅब या टीएनएफरोधक औषधाभोवती मालक कंपनीने अमेरिकेत शंभराहून अधिक पेटंटांचे कुंपण घातले आणि २०२३ पर्यंत तेथे स्पर्धक येऊ दिला नाही. संशोधनाला पैसा लागतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पाया धर्मादाय निधीचा आणि कळस मक्तेदारीचा, हा कुठला न्याय?

आपल्याकडे विद्येची वाण नाही. अहमदाबादच्या झायडसने २०१४ सालीच या औषधाची प्रतिकृती बाजारात आणली. पुण्यात ल्युपिनने सिद्ध केलेल्या एटानरसेप्ट या दुसऱ्या टीएनएफरोधकाला २०१९ मध्ये जपानने व २०२० मध्ये युरोपने मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच अॅडालिमुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. तरीही महिनोन् महिने चालणारा हा उपचार रोजंदारीवरच्या घराला स्वतःच्या खिशातून पेलणारा नाही.

सरसकट सर्वांना हे इंजेक्शन द्या, असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटच्या स्वस्त गोळीने पुष्कळांचा रोग आटोक्यात येतो. शिवाय टीएनएफ अडविल्यास शरीरात दबा धरून बसलेला क्षय उसळतो. म्हणून आधी क्षयाची तपासणी अपरिहार्य. पण गोळी वेळेवर सुरू करणारा, तपासणी करणारा, आणि गोळी हरल्यावर इंजेक्शन लिहून देणारा डॉक्टर जवळ नको काय? सांधे एकदा झिजून वाकडे झाले की कोणतेही औषध ते सरळ करीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात संधिवाताचा नियमित बाह्यरुग्ण विभाग चालवा. भोकरदनला मेथोट्रेक्सेट व रक्ततपासणी अखंड मिळू द्या. आणि टीएनएफरोधके शासनाने घाऊक खरेदी करून गरजूंना मोफत द्यावीत. ही भीक नव्हे. ज्या बोटांच्या कष्टावर बाजार उभा आहे, त्या बोटांचे हे देणे आहे.