पेटीतला कॅमेरा कोणता, किती सालचा?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे मरहूम सासरे बरीच वर्षे गल्फला नोकरीत होते. घराची डागडुजी करताना त्यांच्या पेटीत चामड्याच्या कव्हरातला एक कॅमेरा सापडला. जुन्या वस्तू घेणारा एक माणूस त्याचे पाचशे रुपये द्यायला तयार आहे. धाकटा दीर म्हणतो देऊन टाका, नणंद म्हणते बाबांची आठवण आहे, ठेवा. भगिनींचा प्रश्न एवढाच, की हा कॅमेरा कोणता आणि किती जुना? पत्रात शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे, ‘वरच्या छोट्या खिडकीत १४ आकडा दिसतो.’

आम्हाला त्या पत्रात सगळ्यात मोलाचे वाक्य हेच वाटले. त्याकडे आधी वळतो. नाव आणि साल कुठे पळून जात नाही.

भगिनींच्या वर्णनाप्रमाणे समोर ‘कॅनन’ आणि ‘एई-१’ अशी अक्षरे आहेत. या कॅमेऱ्याची पाठ उघडली की वरच्या खिडकीतला आकडा आपोआप आरंभाच्या खुणेवर परत जातो. म्हणजे चौदावर उभा असलेला आकडा सांगतो, की पाठ शेवटची बंद झाल्यावर ती कोणी उघडलेली नाही. आत रीळ असण्याचा दाट संभव आहे. खात्री करायची असेल तर वर डाव्या हाताला गोल मूठ आहे, तिच्यातला छोटा दांडा उलगडून बाणाच्या दिशेने अगदी हलके फिरवा. थोडे फिरून अडले, तर आत रीळ आहे. नुसते गरगर फिरत राहिले, तर नाही. मात्र ही मूठ वर ओढू नका. ओढली की पाठ उघडते, आणि उजेड लागलेले चित्र कोणत्याही लॅबला परत आणता येत नाही.

रीळ असेल तर ते आधी गुंडाळून घ्यावे. कॅमेऱ्याच्या तळाशी एक बारीक बटण आहे. ते दाबून मग तोच दांडा बाणाच्या दिशेने सावकाश फिरवायचा. हाताला ताण जाणवेल, मग एकाएकी सैल होईल. सैल झाल्यावरही पाच-सहा फेरे द्या. या कामाला बॅटरी लागत नाही. फोटो काढायला मात्र लागते. सहा व्होल्टची बॅटरी नसेल तर या कॅमेऱ्याचे बटण दाबले तरी काही होत नाही. म्हणून ‘बंद पडलाय’ असे कोणी म्हणाले तर लगेच मानू नका.

आता नाव आणि साल. ‘एई-१’ बाजारात आला १९७६ साली. मायक्रोप्रोसेसर बसवलेला हा पहिला एसएलआर कॅमेरा. १९८१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ आला, त्याच्यावर ‘प्रोग्रॅम’ हा शब्द ठळक लिहिलेला असतो. भगिनींच्या कॅमेऱ्यावर तो नाही, म्हणजे पहिलाच. पुष्कळ लोक अंगावरचा लांबलचक नंबर पाहून साल काढू बघतात. कॅननमध्ये त्या नंबरावरून सरळ साल निघत नाही. खरी खूण आत असते. रिळाची डबी बसते त्या खोबणीत एक इंग्रजी अक्षर आणि पुढे काही आकडे छापलेले असतात. १९६० साठी ‘ए’, १९६१ साठी ‘बी’, असे मोजत गेले की १९७६ ला ‘क्यू’ येतो, १९७८ ला ‘एस’ आणि १९८० ला ‘यू’. अक्षरानंतरचे आकडे महिना सांगतात. रीळ सुखरूप बाहेर आल्यावर ही खोबण निवांत पाहता येईल.

तोवर धीर नसेल तर लेन्स काढून तिच्या मागच्या काळ्या भागावर बघा. तिथेही असाच संकेत असतो. लेन्स काढली तरी आतल्या कापडी पडद्यामुळे रीळ झाकलेले राहते. हे काम सावलीत करा आणि आत बोट घालू नका. फक्त लेन्स मागाहून घेतलेली असू शकते, तेव्हा तिचे साल ते कॅमेऱ्याचे साल असेलच असे नाही.

बाहेर आलेल्या डबीवर ‘सी-४१’ असेल तर ते साधे रंगीत रीळ. अजून रीळ धुणाऱ्या लॅबकडे ते द्यावे, पण जुने आहे हे सांगून. रंग उडालेले असतील, दाणा उठलेला असेल. डबीवर ‘कोडाक्रोम’ असेल तर त्यात रंग आता निघणार नाहीत. २०१० च्या अखेरीस शेवटच्या लॅबनेही ती रिळे घेणे थांबवले. काळेपांढरे चित्र मात्र काही जाणकार काढून देतात. आपल्या कित्येक घरांत बुजुर्गांना, विशेषतः बायकांना, फोटो काढून घेणे पसंत नव्हते. पासपोर्टपुरता काढलेला एकच फोटो मागे उरतो. त्या हिशेबाने चौदा चित्रे थोडी नाहीत. पाचशे रुपयांचा सौदा ती पाहिल्यावर करायचा की नाही ते ठरवा. आमचे मत विचाराल तर हा भाव फारच कमी आहे, कारण चालू स्थितीतला ‘एई-१’ हौशी मंडळी आजही शोधत असतात.

इतरांच्या कपाटात दुसरे काही असेल. ‘आग्फा क्लिक-३’ वर ‘मेड इन इंडिया’ वाचून दचकू नका, तो बडोद्यात तयार होत असे आणि १२० नंबरच्या रिळावर बारा चौकोनी चित्रे देई. रशियन ‘झेनिट’ असेल तर काम सोपे, नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बहुधा बनावटीचे साल. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे कोरलेला कॅमेरा १९४७ ते १९५२ या काळातला. कोडॅकच्या चाळीस-पन्नास सालच्या चांगल्या लेन्सवर नंबराआधी दोन अक्षरे असतात. ‘कॅमेरॉसिटी’ या दहा अक्षरी इंग्रजी शब्दात ती शोधायची: सी म्हणजे १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९ आणि वाय म्हणजे शून्य. ‘आर-ए’ असेल तर ५२, म्हणजे १९५२. मुलांना हे कोडे घालून बघा.

आणि ते चामड्याचे कव्हर. ते जपा, पण कॅमेरा त्यात ठेवू नका. कोकणातल्या पावसात चामडे ओल धरते आणि लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. हवेशीर कपाटात, सिलिका जेलच्या पुडीशेजारी, उघडाच ठेवावा.