पत्ता सापडला, पण माणूस तोच का?

मुळशीतल्या जांबे गावात एखाद्याचं घर शोधायचं असेल तर आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या दुकानात विचारतो. त्याने घर बदललं तरी दुकानदाराला ते ठाऊक असतं, आपल्या वहीतला पत्ता मात्र जुनाच राहतो. नेटवर्कवर डिरेक्टरी सर्व्हर शोधणं हे असंच काहीसं आहे.

डिरेक्टरी म्हणजे कंपनीतले युजर, ग्रुप, मशीन यांची नोंदवही. तिच्याशी बोलायची भाषा बहुतेक ठिकाणी एलडॅप. आता प्रश्न असा, की या सर्व्हरचा पत्ता प्रत्येक मशीनच्या कॉन्फिगमध्ये लिहून ठेवायचा, की मशीनने तो स्वतः शोधायचा? "एकदा लिहिलं की काळजी मिटली" म्हणणारे अजूनही भेटतात. मिटते हो, पण सर्व्हर बदलेपर्यंतच!

माझं मत शोधण्याच्या बाजूने. त्याची सोय जुनीच आहे. आरएफसी 2782 हे सन 2000 मधलं. त्यात डीएनएसचा एसआरव्ही रेकॉर्ड सांगितलाय. क्लायंट विचारतो, "या डोमेनची एलडॅप सेवा कुठे आहे?" उत्तरात सर्व्हरचं नाव, पोर्ट, प्रायॉरिटी आणि वेट मिळतं. प्रायॉरिटीचा आकडा ज्याचा लहान, तो सर्व्हर आधी. तो बंद असेल तर पुढचा. आकडे सारखे असले की वेटप्रमाणे लोड वाटला जातो. विंडोज 2000 बरोबर आलेली अॅक्टिव्ह डिरेक्टरी याच रेकॉर्डवर चालते.

पण खरी गोम पुढेच आहे. साध्या डीएनएसच्या उत्तरावर कुणाची सही नसते. एलएलएमएनआरमध्ये तर मशीन सगळ्या लोकल नेटवर्कला ओरडून विचारतं आणि कुणीही "मीच तो" म्हणू शकतो. त्यावर विश्वास ठेवून क्लायंटने टीएलएसशिवाय, 389 पोर्टवर साधा बाइंड केला, की पासवर्ड जसाच्या तसा भामट्याच्या हातात!

म्हणून सर्टिफिकेट तपासायलाच हवं. त्यातही एक बारकावा आहे. नाव कुठलं जुळवायचं? डीएनएसने सांगितलेलं जुळवलं तर काय उपयोग? भामटा स्वतःच्या नावाचं अस्सल सर्टिफिकेट दाखवून मोकळा होईल. जुळवायचं ते आपल्याला आधीपासून माहीत असलेलं डोमेन.

थोडक्यात, पत्ता वाटेत विचारायला हरकत नाही, पण तिजोरीची किल्ली देण्याआधी समोरचा माणूस कोण ते पाहावं. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमचे क्लायंट सर्टिफिकेट तपासतात की ती तपासणी कुणीतरी "तात्पुरती" बंद करून ठेवलीय, एवढं जरूर बघा.